बर्नलीच्या बायकांची नाडी

छातीत मधेच काहीतरी धस्स होतं, एक ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि पुढचा धाडकन आपटतो... हा अनुभव कधीच आला नाही अशी बाई विरळाच. रात्री सगळं आवरून अंथरुणाला पाठ टेकली की हमखास. मग मनात नको नको ते विचार. आईला हार्टचा त्रास होता, मावशी अशीच गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ईसीजी काढतात, कागद वरखाली करून बघतात आणि काही झालेलं नाही, चहा जरा कमी करा, असं सांगून घरी पाठवतात. आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण डॉक्टर हे इतक्या खात्रीनं कशाच्या जोरावर सांगतात? आणि एखादीच्या मनगटावर बोटं ठेवल्या ठेवल्या त्यांचा चेहरा एकदम गंभीर होतो तो का?

या दोन्ही प्रश्नांचा माग काढत गेलं की आपण एका दाढीवाल्या स्कॉटिश डॉक्टरपाशी पोचतो. सर जेम्स मॅकेन्झी. त्यांना जाऊन आता शंभर वर्षं उलटली. हृदयाच्या बिघडलेल्या तालाचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांच्यात त्यांचं नाव अगदी पहिल्या ओळीत घेतात. मला मात्र त्यांचं अप्रूप वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. हे संशोधन त्यांनी विद्यापीठात बसून केलं नाही की राजधानीतल्या बड्या इस्पितळात केलं नाही. इंग्लंडमधल्या एका धुरकट गिरणीगावात, दिवसभर पेशंट तपासून, रात्रीबेरात्री बाळंतपणं करून, उरल्यासुरल्या वेळात केलं. आणि त्यांना शिकवणाऱ्या होत्या मागावर काम करणाऱ्या बायका!

जेम्सचा जन्म १२ एप्रिल १८५३ चा. स्कॉटलंडमधल्या पर्थ शहराजवळ स्कून इथे वडिलांची शेती होती. शाळेत हा मुलगा काही चमकला नाही. पाठांतर त्याला जमायचंच नाही, आणि त्या काळची शाळा म्हणजे तर पाठांतरच. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि स्वारी पर्थमधल्या एका औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागली. पुढे धंद्यात भागीदारी मिळत असतानाही ती नाकारून, विशी ओलांडल्यावर, १८७४ मध्ये एडिंबरो विद्यापीठात डॉक्टरकीला नाव घातलं. १८७८ मध्ये पदवी मिळाली. थोडे दिवस तिथल्याच इस्पितळात उमेदवारी केली आणि १८७९ मध्ये लँकेशायरमधल्या बर्नली या गावी, दोन डॉक्टरांच्या चालू प्रॅक्टिसमध्ये ते रुजू झाले. पाठांतर न जमणाऱ्या या मुलाला आयुष्यभर पुरणारी एक सवय तोवर लागलेली होती. पुस्तकात लिहिलंय म्हणून ते खरं, असं त्याला कधी वाटायचं नाही.

बर्नली म्हणजे कापड विणणारं गाव. आपल्या गिरणगावाचा थोरला भाऊच म्हणा ना. धुराड्यांची रांग, भोंग्यावर उठणारी घरं, दगडी चाळींसारखी एकमेकांना चिकटलेली बिऱ्हाडं. मागांवर बायका मोठ्या संख्येनं. धोट्यांचा खडखडाट एवढा की एकमेकींशी ओठांच्या हालचालींवरून बोलायची त्यांना सवय. पोटात मूल असलं तरी कामाला खाडा परवडायचा नाही. घरात दमट हवा, दाटीवाटी, आणि पोरींना लहानपणी एक ताप हटकून व्हायचा. आधी घसा धरायचा, मग सांधे सुजायचे, मग आठवड्यांनी बरं वाटायचं. हाच तो ऱ्हुमॅटिक फीव्हर. सांधे बरे होतात, पण जाता जाता हा ताप हृदयाच्या झडपा चाटून जातो. पोरगी मोठी होते, लग्न होतं, दिवस जातात, आणि तेव्हा त्या खराब झालेल्या झडपेवर खरा ताण येतो.

अशीच एक तरुण बाई मॅकेन्झींच्या हाताखाली होती. बाळंतपणाच्या कळा सुरू असताना तिचं हृदय थकलं आणि बघता बघता ती गेली. नवख्या डॉक्टरच्या वाट्याला मृत्यू येतात, त्यात नवल नाही. पण या मृत्यूनं मॅकेन्झींची झोप उडाली. आपल्याला हे आधी कळायला हवं होतं का? कळलं असतं तर काही करता आलं असतं का? तिला आधीच सावध करायला हवं होतं का? त्यांनी पुस्तकं उघडली. पुस्तकांत झडपांची वर्णनं होती, स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या निरनिराळ्या आवाजांची नावं होती, माणूस मेल्यावर हृदय कापून बघितलं तर काय दिसतं तेही तपशीलवार होतं. समोर बसलेल्या जिवंत बाईला हे बाळंतपण झेपेल की नाही, या एका प्रश्नाचं उत्तर तेवढं नव्हतं.

मग त्यांनी स्वत:च बघायचं ठरवलं. येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचं हृदय, नाडी, मानेवरची शीर नीट तपासायची आणि लिहून ठेवायची. नुसत्या आजारी बायकांची नाही, धडधाकट बायकांचीसुद्धा. कारण गरोदरपणात निरोगी बाईलाही दम लागतो, पायावर सूज येते, मानेतली शीर उडताना दिसते. यातलं काय नेहमीचं आणि काय धोक्याचं, हे आधी कळायला नको का?

गावातल्या डॉक्टरला एक सोय असते, जी मोठ्या इस्पितळातल्या प्रोफेसरला नसते. प्रोफेसरकडे पेशंट येतो, पंधरा दिवस खाटेवर राहतो आणि निघून जातो. पुढे त्याचं काय झालं, कोण जाणे. बर्नलीच्या डॉक्टरला मात्र तीच बाई पहिल्या बाळंतपणात भेटते, तिसऱ्या बाळंतपणात भेटते, पोराला गोवर आला म्हणून भेटते, आणि मधल्या काळात रस्त्यानं झपाझप गिरणीकडे जाताना दिसते. मॅकेन्झींनी ही सोय अक्षरश: वसूल केली. एकेका पेशंटच्या नोंदी दहा-दहा, वीस-वीस वर्षं ठेवल्या. या लक्षणाचं पुढे होतं काय, हा त्यांचा मूळ प्रश्न. ऐकायला किती साधा! पण तो विचारून उत्तरासाठी वीस वर्षं थांबायची तयारी असणारे डॉक्टर तेव्हा फारसे नव्हते. आताही किती असतील, देव जाणे.

नुसतं बोटांनी नाडी बघून भागेना, तेव्हा ते यंत्राकडे वळले. मनगटावरच्या नाडीचा आलेख काढणारी छोटी यंत्रं त्या काळी होती. काजळी धरलेल्या कागदावर एक टोक ओरखडे काढत जायचं. मॅकेन्झींनी त्याला आणखी एक नळी जोडली. एक टोक मनगटावर, दुसरं मानेतल्या शिरेवर नाहीतर यकृतावर. दोन्ही नोंदी एकाच वेळी, एकीखाली एक. पुढे शेजारच्या पॅडिहॅम गावातल्या शॉ नावाच्या घड्याळजीच्या मदतीनं त्यांनी याची सुधारून आवृत्ती काढली. घड्याळाच्या चाकांवर कागदाची पट्टी सरकायची, शाईच्या लेखण्या नाड्या लिहायच्या आणि तिसरी लेखणी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या खुणा करत जायची. यंत्र पेटीत घालून पेशंटच्या घरी नेता यायचं. त्याचं नाव पॉलिग्राफ. (खोटं पकडायच्या यंत्रालाही पुढे हेच नाव मिळालं, पण ती वेगळी गोष्ट.)

आता मानेवरची शीरच कशाला, तर त्यात खरी मेख आहे. हृदयाला वर दोन कप्पे, खाली दोन, हे आपण शाळेत शिकलो. वरचे ते अलिंद, खालचे ते निलय. मनगटाची नाडी सांगते ती खालच्या कप्प्याची हालहवाल. वरचा कप्पा काय करतोय याचा तिला पत्ता नसतो. मानेतली मोठी शीर मात्र वरच्या उजव्या कप्प्यात थेट उघडते, त्यामुळे तो आकसला की शिरेत एक छोटी लाट उठते. मॅकेन्झींनी या लाटांना ए, सी आणि व्ही अशी अक्षरं दिली. डॉक्टरकीची मुलं आजही याच नावांनी त्या शिकतात. म्हणजे गळ्यावर एक छोटी वाटी टेकवून, कुठंही सुई न टोचता, हृदयाच्या वरच्या कप्प्यात डोकावायची खिडकीच या माणसाला सापडली होती. ईसीजीचं यंत्र तेव्हा अजून यायचं होतं. हॉलंडमध्ये आइन्थोव्हेन यांनी ते तयार केलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

पट्ट्यांचे ढीग साठत गेले आणि हळूहळू गुंता सुटू लागला. तोवर नाडी अनियमित म्हटली की डॉक्टरांच्या पोटात गोळा यायचा. पेशंटला सरसकट विश्रांती. काम सोडा, जिने चढू नका, बाई असेल तर लग्नाचा विचार सोडा. मॅकेन्झींना दिसलं, की अनियमितपणाच्या जाती आहेत. पोरासोरांची नाडी श्वासाबरोबर वेग बदलते, श्वास घेताना जलद, सोडताना संथ. हा तर तारुण्याचा गुण, आजार नव्हेच. दुसरी जात म्हणजे वेळेच्या आधी पडणारा जादा ठोका. त्यानंतर जरा थांबा आणि मग तो जोराचा दणका. आपल्याला रात्री अंथरुणात जाणवतो तो बहुधा हाच. अशा ठोक्यांची माणसं मॅकेन्झींनी वर्षानुवर्षं नजरेखाली ठेवली. हृदय एरवी चांगलं असेल तर ती आपापली कामं करत होती, पोरं वाढवत होती, म्हातारी होत होती. ठोके चुकत राहिले आणि आयुष्य नीट चालत राहिलं. काळजी करू नका, हे डॉक्टरचं वाक्य त्या वर्षांच्या जोरावर उभं आहे.

पण तिसरी एक जात होती. तिच्यात नाडीला काही तालच नाही. लहान, मोठा, लवकर, उशिरा, कशाचा कशाला मेळ नाही. ही माणसं मात्र खचत जायची.

हिचं गूढ उकललं ते एका बाईमुळे. १८८० मध्ये, म्हणजे मॅकेन्झी बर्नलीत आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, ती ऱ्हुमॅटिक फीव्हर घेऊन त्यांच्याकडे आली. डाव्या बाजूची मायट्रल झडप आक्रसली. झडप अरुंद, त्यामुळे वरच्या कप्प्याला रक्त खाली लोटायला जोर लावावा लागे. त्याचा एक विशिष्ट आवाज स्टेथोस्कोपमधून ऐकू येई, मानेच्या शिरेत ए ही लाट स्पष्ट दिसे. वर्षं गेली. डॉक्टर तिला तपासत राहिले, पट्ट्या काढत राहिले. आणि १८९८ मध्ये एकाएकी तिची प्रकृती ढासळली. नाडी पार विस्कटली. मॅकेन्झींनी कान लावला तर इतकी वर्षं ओळखीचा झालेला तो आवाज नाहीसा झालेला! आलेख काढला तर ए ही लाटही गायब. वरच्या कप्प्यानं काम थांबवलं होतं.

त्या क्षणी समोर आलेल्या एखाद्या तज्ज्ञाला यातलं काय कळलं असतं? आधीची पट्टीच नसती तर काय नाहीसं झालं ते कशावरून ठरवायचं? अठरा वर्षं एकाच बाईला बघत राहणाऱ्या डॉक्टरलाच ते दिसू शकलं. मॅकेन्झींच्या पुस्तकांत पेशंट येतात ते केस म्हणून, क्रमांकानं. या बाईचं नावही आपल्यासमोर येत नाही. मला याची चुटपुट वाटते. डॉक्टरांचं नाव इतिहासात गेलं, पण त्या शोधातला निम्मा वाटा तर तिच्या हृदयाचा होता.

वरचा कप्पा लुळा पडला, असा अर्थ मॅकेन्झींनी आधी लावला. मग त्यांनी मत बदललं आणि दुसरीच एक उपपत्ती मांडली. ती पुढे चुकीची ठरली. खरी गोष्ट अशी होती, की कप्पा लुळा पडत नाही, तो थरथरत राहतो. पिशवीत किडे वळवळावेत तसा, मिनिटाला शेकडो वेळा, आणि त्या थरथरीतून आकसणं असं काही घडतच नाही. प्राण्यांच्या हृदयात ही थरथर आधीच पाहिली गेली होती. औषधशास्त्रज्ञ आर्थर कुश्नी यांना माणसातली बेताल नाडी त्याच जातीची असावी असं वाटत होतं. १९०९ मध्ये लंडनच्या तरुण थॉमस लुईस यांनी ईसीजी वापरून ते सिद्ध केलं, आणि त्याच वर्षी व्हिएन्नातही हाच निष्कर्ष निघाला. लुईस वयानं मॅकेन्झींहून अठ्ठावीस वर्षांनी लहान, त्यांनीच या विषयाकडे ओढलेला. मॅकेन्झींनी आपली उपपत्ती सोडून दिली आणि लुईस यांचं म्हणणं स्वीकारलं. ज्येष्ठांनी कनिष्ठांपुढे असं मोकळेपणानं मागे सरकणं आपल्याकडे किती दुर्मीळ! या विकाराला आज एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, डॉक्टर बोलताना नुसतं एएफ म्हणतात.

औषधाचाही उलगडा यातूनच झाला. डिजिटालिस हे फॉक्सग्लोव्ह या झाडापासून मिळणारं औषध. विल्यम विदरिंग यांनी त्याच्यावर १७८५ मध्येच पुस्तक लिहिलं होतं. पण कुणाला ते अमृतासारखं लागू पडे, कुणाला काहीच फरक पडत नसे. मॅकेन्झींना दिसलं, की ज्यांची नाडी बेताल आणि धावती आहे अशांना याचा गुण सर्वांत ठळक येतो. डोस काळजीपूर्वक वाढवत नेला की खालच्या कप्प्याचा वेग आवरतो आणि दम लागलेली बाई उताणी झोपू शकते. याच औषधाचा वंशज डिगॉक्सिनची बारकी पांढरी गोळी म्हणून आपल्याकडे कितीतरी घरांत असते.

इथं जरा काळाची उडी मारून पुढं यायला हवं. कारण या थरथरीचा सर्वांत मोठा घात मॅकेन्झींच्या हयातीत पुरता उमगलेला नव्हता. वरचा कप्पा आकसला नाही की त्याच्या कोपऱ्यात रक्त साकळतं. डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक कोनाडा असतो, तिथं गुठळी धरते. ती सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावातल्या लोकांची १९४८ पासून जी पाहणी चालू आहे, तिनं १९७८ मध्ये आकडे दिले. नुसतं एट्रियल फिब्रिलेशन असेल तर अर्धांगाचा धोका पाचपटीहून जास्त, आणि ऱ्हुमॅटिक झडपेच्या जोडीनं असेल तर सुमारे सतरापट! गंमत बघा, गावच्या गाव वर्षानुवर्षं बघत राहायचं, ही पद्धत तीच.

त्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनच्या चाचण्या झाल्या. १९८९ मध्ये डेन्मार्कमधली पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, पाठोपाठ इतर आल्या, आणि सगळ्यांचा हिशेब मांडल्यावर असं दिसलं की झडपेचा आजार नसलेल्या अशा पेशंटांत हे औषध अर्धांगाचे सुमारे दोन तृतीयांश झटके टाळतं. नंतर नवी औषधं आली, ज्यांना वारंवार रक्त तपासावं लागत नाही. पण आक्रसलेल्या मायट्रल झडपेच्या बायकांचं काय? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले साडेचार हजार ऱ्हुमॅटिक पेशंट होते. भारतातलेही होते. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त बायका, सरासरी वय पन्नाशीचं. त्यांच्यात नव्या गोळीपेक्षा जुनी वॉरफॅरिनच्या जातीची गोळीच सरस ठरली. म्हणून आपल्या सरकारी इस्पितळांत अशा बायका अजूनही आयएनआर तपासायला रांगेत उभ्या दिसतात. बर्नलीतून हा ताप केव्हाच हद्दपार झाला, आपल्याकडून अजून पुरता गेलेला नाही. या गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर बाळाला अपाय होऊ शकतो. त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलायचं, आणि गोळी मनानं बंद करायची नाही, हे मात्र घरातल्या प्रत्येकीला माहीत हवं.

असो. पुन्हा बर्नलीत येऊ. मधल्या काळात, १८८७ मध्ये, मॅकेन्झींचं फ्रान्सिस जॅक्सन यांच्याशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. १९०२ मध्ये नाडीवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं, तेव्हा वय एकोणपन्नास. परदेशातले डॉक्टर या गिरणीगावातल्या माणसाला आधी ओळखू लागले. हॉलंडचे वेंकेबाख हेही ठोक्यांच्या तालाचेच अभ्यासक, त्यांच्याशी जन्माची मैत्री जडली. इंग्लंडमधल्या बड्यांना मात्र खेड्यातला एक जनरल प्रॅक्टिशनर आपल्याला हृदय शिकवणार, हे पचायला वेळ लागला. १९०७ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, अठ्ठावीस वर्षांची बांधलेली प्रॅक्टिस सोडून ते लंडनला गेले. सुरुवातीला पेशंटच येईनात! मग यायला लागले ते थांबेनात. १९०८ मध्ये हृदयविकारांवरचं पुस्तक आलं, १९१३ मध्ये लंडन हॉस्पिटलमध्ये हृदयाचा स्वतंत्र विभाग त्यांच्याकडे आला, १९१५ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि सर ही पदवी दोन्ही मिळाली.

पहिलं महायुद्ध आलं आणि तोच जुना घोळ तरुण मुलांच्या बाबतीत सुरू झाला. छातीत जरासा जादा आवाज आला, नाडी थोडी मागेपुढे झाली, की हृदयरोगी असा शिक्का मारून मुलांना बाजूला काढायचं. शिक्का बसलेला मुलगा पुढे जन्मभर स्वत:ला आजारी समजायचा. मॅकेन्झी सांगत राहिले, की आवाजावरून पारख करू नका. त्याला काम द्या, चालवा, पळवा, आणि हृदय किती झेपवतं ते बघा.

१९२१ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी बर्नलीतल्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर छापलं. ‘हार्ट डिसीज अँड प्रेग्नन्सी’ हे ते पुस्तक. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या एका तरुण बाईचं देणं फेडावं तसं. हृदयात जादा आवाज आहे एवढ्यावरून एखाद्या मुलीला लग्न करू नको, आई होऊ नको असं सांगणं चूक, हे त्यांनी त्यात मांडलं. अशा सल्ल्यानं किती जणींचे संसार उभेच राहिले नसतील, कल्पना करा. हृदयाच्या स्नायूत शिल्लक ताकद किती, रोजची कामं करताना दम लागतो का, पूर्वीइतकं चालवतं का, हे विचारा आणि त्यावर ठरवा. पण दुसऱ्या बाजूलाही ते तेवढेच स्पष्ट होते. झडप आक्रसलेली, नाडी बेताल झालेली, हृदय थकल्याच्या खुणा दिसू लागलेल्या, अशा बाईला गरोदरपण जिवावर बेतू शकतं. ते तिला आणि तिच्या घरच्यांना आधी सांगायलाच हवं. आज इकोकार्डिओग्राफी आहे, फुगा घालून झडप रुंद करता येते, त्यामुळे हिशेब पुष्कळ बदलले आहेत. तरी गरोदर बाईला पहिला प्रश्न विचारतात तो हाच, जिने चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते का.

लंडनमधली भरभक्कम प्रॅक्टिस ऐन भरात असताना, १९१८ मध्ये, मॅकेन्झींनी ती सोडली आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूज या छोट्या गावी मुक्काम हलवला. तिथं गावातल्याच डॉक्टरांना जमवून एक संशोधन संस्था काढली. कल्पना अशी, की रोग पुरता वाढून माणूस इस्पितळात पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याची पहिली बारीक कुरबुर कळते ती गल्लीतल्या डॉक्टरला. म्हणून त्यानंच ती टिपून ठेवावी. यंत्रांचा मोह त्यांना तोवर उरला नव्हता. ज्या पॉलिग्राफनं नाव दिलं, त्याच्या पट्ट्यांकडे बघताना डॉक्टर पेशंटशी बोलायचं विसरतात, अशी भीती त्यांना वाटू लागली होती.

स्वत:चं हृदय मात्र साथ सोडत होतं. छातीत दुखण्याचा त्रास कित्येक वर्षांचा. अंजायना. तोही त्यांनी वाया जाऊ दिला नाही. कळ केव्हा येते, किती चालल्यावर येते, कशानं थांबते, याची नोंद ठेवली आणि १९२३ मध्ये अंजायनावर लिहिलेल्या पुस्तकात इतर पेशंटांच्या ओळीत स्वत:लाही एक केस म्हणून बसवलं, नाव न घालता. २६ जानेवारी १९२५ रोजी लंडनमध्ये ते गेले. माझं हृदय तपासून बघा, असं त्यांनी सहकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे शवविच्छेदन झालं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या आजारानं अरुंद झालेल्या आढळल्या. ते हृदय सेंट अँड्रूजला जतन केलं गेलं, आणि १९३९ मध्ये तिथल्याच डेव्हिड वॉटरस्टन यांनी त्याचं वर्णन ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केलं.